भात नाही, म्हणजे जेवण नाही

लठ्ठपणावरच्या संशोधनात मला कामाला घेतलं तेव्हा आमच्या आळीत हशा पिकला. माझं स्वतःचं वजन काही सांगण्यासारखं नाही. खांद्याला वजनकाटा, हातात मोजपट्टी आणि फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी आमच्या गिरीज गावाच्या वाड्यांमधून फिरायची आणि प्रत्येक दारात कोणीतरी म्हणायचंच, "आधी तू उभी राहा की काट्यावर." मी उभी राहायची. माझा आकडा बघितला की बाया खुशीत काट्यावर चढायच्या. त्यामुळे माझ्याइतकी वजनं आमच्यात दुसऱ्या कोणी गोळा केली नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते.

काम सोपं होतं. मोठ्यांची आणि पोरांची वजनं, उंच्या, कंबरा मोजायच्या आणि विचारायचं, "काल काय काय जेवलात?" उत्तर लिहून घ्यायचं, पुढचं घर. दुसऱ्याच्या ताटात डोकवायला मला पहिल्यापासून आवडतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून.

माझं झाकलेलं घरातच होतं. माझी मुलगी चौथीत. तिचं वजन एवढं वाढलं होतं की शाळेत धावायचं म्हटलं की तिचं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच लक्ष द्या, पुढे साखरेचा त्रास नको. मी लक्ष दिलं, म्हणजे तिचा भात अर्धा केला. महिने गेले, वजन उतरेना. मग मी तिला धारेवर धरलं. "चोरून जेवतेस ना?" ती म्हणायची, "नाही मम्मी." सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आत्ता चर्चमधून मिस्सा ऐकून आले, खोटं कशाला बोलू? मी तिला एक घास जेवायला देत नाही." मग खोटं कोण बोलतंय? पोरगीच. तसं मी तिला तोंडावर म्हटलं, खोटारडी. एकदा नाही, तीन-चारदा.

अशात आमच्या संशोधनाच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. समोर माझेच फॉर्म. "ताई, तुमच्या गिरीजची माणसं हवा खातात का हो? दुपारी भात-कालवण, रात्री भात-कालवण, बाकी काही नाही. आणि वजनं बघा." मग म्हणाल्या, "घरी बसून तर नाही ना भरलेत?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! उन्हातान्हात मी काटा घेऊन वणवण केली, कुत्री मागे लागली, आणि मी खोटारडी? पण फॉर्म बघितले तर बाई चूक म्हणत नव्हती. मलाही काही कळेना.

धुसफुसतच घरी आले. संध्याकाळचे पाच वाजलेले, सासूबाई ओटीवर चहा घेत बसल्या होत्या. मी चप्पलसुद्धा न काढता त्यांच्यासमोर फॉर्म उघडला.

"आई, काल काय काय जेवलात?"

"दुपारी भात नि बोंबलाचं कालवण. रात्री तेच उरलेलं."

"आणखी?"

"आणखी काय? दोन वेळच जेवतं माणूस."

हे सांगताना त्यांनी खारी चहात बुडवून तोंडात टाकली. तिसरी.

"मग हे काय चाललंय?"

"चहा."

"आणि चहात?"

"अगं खारी ती. ती काय जेवण आहे?"

मी फॉर्म मिटला. आमच्याकडे भात नाही, म्हणजे जेवण नाही. पाव, खारी, वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी, फरसाण, हे सगळं नुसतं तोंडात टाकणं. ते पोटात जातं असं कोणी धरतच नाही. सगळ्या गावाने मला खरं सांगितलं होतं. मी इथेच जन्मलेली, इथेच दिलेली, आणि माझा स्वतःचा फॉर्मही तसाच भरलेला, दोन वेळा भात. मला हसू आवरेना. सासूबाईंना वाटलं, हिला ऊन लागलं.

हसता हसता आत बघितलं तर पोरगी अभ्यास करत होती, आणि माझं हसू गेलं.

तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "आज सकाळपासून तोंडात काय काय टाकलंस, ते सांग."

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आजीने दिलेली सुकेळी. शाळेतून आल्यावर लोणी-साखर लावलेले दोन पाव. आजीसोबत खारी. वेफर. आजीने पुन्हा सुकेळी. एका हाताची बोटं संपली तेव्हा दुसरा हात काढला. जराही घाबरली नाही.

"मग मला 'नाही' का म्हणायचीस?"

"तू विचारायचीस, जेवलीस का. मी कुठे जेवलेले?"



तो आठवडा मी सगळं गिरीज पुन्हा पालथं घातलं. नवा प्रश्न, "तोंडात काय काय टाकलंत?" एकेका घरी मागची बाजू भरूनही कागद पुरेना. मॅडमनी सगळ्यांच्याच फॉर्मवर प्रश्न बदलून घेतला आणि माझ्याकडे बघून, "सॉरी हं ताई," एवढं म्हणाल्या. खारीचा डबा माळ्यावर गेला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

रविवारी मिस्सावरून आल्यावर जेवायला बसलो. पोरीच्या ताटात मी एक डाव भात वाढला आणि दुसरा वाढायला गेले, तर तिने ताटावर आडवा हात धरला. नको होता म्हणून नाही. इतके महिने एकावरच थांबायचं असतं, ते तिच्या हाताला ठाऊक झालं होतं. मला रडू फुटलं.

"हात काढ," मी म्हटलं. "माझं चुकलं, बाळा. तू खोटं बोलत नव्हतीस."

तिने हात काढला. पण माझ्याकडे बघितलं नाही, आजीकडे बघितलं. म्हणाली, "आजी, ऐकलंस ना? तिला परत सांगायला लाव."

मी परत सांगितलं.