खोडलेली ओळ

एका मंगळवारी माझी बायको गेली. तेराव्यानंतर शाळेत रुजू व्हायला निघालो आणि सडक अर्जुनीच्या स्टँडवर गोंदियाच्या बसची वाट पाहत बसलो. बाकावर एक बाई वहीत लिहीत होत्या. पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत नायिका होते, आवाज बसल्यापासून विनोदी लेख लिहिते, असं त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं. लेख पाठवण्याआधी त्या अनोळखी माणसाला वाचायला देत आणि त्याचा चेहरा न्याहाळत.

मी वाचलं : ‘मेल्यावर मला डास चावला. मी खाजवलं, तसा माझा नाटकातला नवरा आणखी मोठ्यानं रडू लागला.’

“काऊन जी भाऊ, हसू नाही आलं?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मी जनमभर खोटं रडली. माणसाचा चेहरा मले समजते. ओळच पडेल आहे,” म्हणत त्यांनी ती दोनदा खोडली. घरचं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बस लागली.

पुढं तो लेख दिवाळी अंकात वाचला. डासाची ओळ त्यात नव्हती. परवा ती आठवून मी मोठ्यानं हसलो. घरात ती ऐकवायला कोणी नाही.