परत मागितलेलं वाण

हळदीकुंकवाला दिलेलं वाण दारोदार परत मागत फिरणारी बाई बघितलीय कधी? नाही ना? मग नीट बघून घ्या, तुमच्यासमोरच बसलीय! चहा सावकाश प्या, ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

माझी मानसी डोंबिवलीला कॉलेजात संशोधन करते. तिने, तिच्या मॅडमनी आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने मिळून डब्याचं एक नवीन झाकण शोधून काढलंय. डबा उलटा करा, आपटा, रश्शाचा थेंब सांडणार नाही! नमुन्याचे डबे तिने पिशवीभरून घरी आणले, सोमवारी कंपनीत न्यायचे म्हणून.

मी विचारलं, "याचा मालक कोण गं?"

"पेटंट कॉलेजच्या आणि कंपनीच्या नावावर. शोधणारी म्हणून माझं नाव लागेल, वाटाही मिळेल. पण अर्ज जाईपर्यंत कोणाला दाखवायचं नाही हां, आई."

झालं, सटकली माझी! दाखवायचं नाही? का? 'कोणाला बोलू नको' असं चोरच सांगतो ना? आम्ही चाळीत वाढलेल्या बायका. वस्तू आपली असेल तर ती चारचौघींना दाखवायची. मग कोणाच्या बापाची हिंमत आहे 'माझी' म्हणायची!

रविवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू. मानसी मॅडमकडे ठाण्याला गेलेली. मी काय करावं? वाणाला आणलेले आरसे कपाटात टाकले आणि ते डबे लुटले! वर एकेकीला झाकण उघडून आतली रिंग दाखवत भाषण, "हे माझ्या मानसीने शोधलंय. उद्या वेळ आली तर साक्षीला यायचं!"

संध्याकाळी मानसी जिना चढत होती, तर समोरून पाटीलकाकू डबा कानाशी हलवत उतरतायत. पोर घरात आली ती पांढरीफटक.

"आई, काय केलंस हे? आधीच लोकांना दाखवलं तर ते नवीन राहत नाही! मग पेटंटच मिळत नाही. कंपनीला नाही, कॉलेजला नाही, मला पण नाही!"

आणि मटकन बसून रडायला लागली. दहावीत हात मोडला तेव्हा रडली नव्हती माझी पोर! मी पदर खोचला.

"पाटीलकाकू, डबा द्या."

"अगंबाई! वाण परत मागतेस?"

"पाप लागलं तर मला लागेल, डबा द्या!"

शेजारच्या सुनंदाने डब्यात वड्या भरून ठेवलेल्या. "अगं, वड्या तरी काढू दे!" समोरची म्हणाली, "ही बाई एवढी चांगली वस्तू फुकट देते, तेव्हाच मला शंका आलेली." एक डबा लेकीकडे कल्याणला निघालेला. तो मी रिक्षा अडवून आमटीसकट काढून घेतला!

डबे सगळे आले हो. पण बायकांनी बघितलेलं कसं परत घेणार?

सोमवारी मानसीबरोबर मीच कंपनीत गेले. तिथे कंपनीचे साहेब आणि एक वकीलबाई बसलेल्या. भांडायची सवय माझी, पण हात जोडले. "चूक माझी आहे. पोरीचं नाव कापू नका."

"हिने परवानगी दिलेली?" वकीलबाईंनी मानसीकडे बघत विचारलं.

"छे हो! हिला पत्ताच नव्हता."

"मग वाट आहे. कोणी न विचारता परस्पर दाखवलं असेल आणि लगेच अर्ज केला, तर चालू शकतं. पण तसं तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

म्हणजे बघा, ज्यांना चोर समजले ते साव निघाले आणि कागदावर परस्पर उचलणारी एकटी मी! केली सही. मानसीने टेबलाखाली माझा हात घट्ट धरलेला.

तेवढ्यात साहेबांनी अर्ज पुढे सरकवला. शोधणाऱ्यांत माझ्या मानसीचं अख्खं नाव, छापलेलं! छाती अशी भरून आली की तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, याची एक झेरॉक्स द्या ना. बिल्डिंगमधल्या बायकांना दाखवते!"

"नाही!" तिघं एकदम ओरडले. आणि साहेब तर अर्जावर चक्क आडवेच पडले.