मानमोडी, चंद्री आणि न उकळलेलं लुगडं

"इन्फ्लुएंझा तर आहेच, आता न्यूमोनियाही झालाय," डॉक्टर माझ्या पाठीला नळी लावून म्हणाले. मी विचारलं, "मग म्हशीची धार कोण काढणार?"

बाई वातात बोलते आहे, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी नर्सला माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवायला सांगितलं. मी चांगली शुद्धीवर होते. ताप मला होता, काळजी चंद्रीची होती.

ही पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षातली गोष्ट. इन्फ्लुएंझा म्हणजे तीच साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. ताप चढला की माणसाला मान वर धरवत नसे. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला येणारी सूज. श्वास आत घेतला की कुशीत सुरी फिरल्यासारखं होई. म्हणून मी अर्धाच श्वास घ्यायची आणि उरलेला जपून ठेवायची.

माझे वडील वडगावला शाळामास्तर. मला टाकव्याला दिली तेव्हा मला म्हशीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं एवढंच कळत होतं. सासूबाईंनी धार काढायला शिकवलं आणि चंद्रीनं मला आपलं मानलं. त्या पावसाळ्यात तिचं रेडकू दगावलं. रेडकू गेलेली म्हैस पान्हा सोडत नाही, पण चंद्री माझ्या हाताला सोडायची. फक्त माझ्या. मला त्याचा केवढा तोरा होता! घर तिच्या दुधावर चालत होतं, कारण दोन खाचरांतलं भात आम्हाला संक्रांतीपर्यंतही पुरत नसे.

साथ आधी आमच्या मालकांना झाली. ते आठवडाभर तापले, भिंत धरून उठले, आणि ते उठले त्याच दिवशी मी आडवी झाले. मला धाप लागली तेव्हा त्यांनी बैलगाडीत घालून वडगावला आणलं आणि तिथून आगगाडीनं लोणावळ्याच्या दवाखान्यात. वाटेत कापायला झालेलं भात उभंच होतं. दारं लावलेल्या घरांमागे गुरं हंबरत होती. कास भरलेली म्हैस कशी ओरडते ते ज्यानं ऐकलंय त्याला मी काय सांगू.

दवाखान्यात खाटा व्हरांड्यापर्यंत आल्या होत्या. कोयनेल म्हणजे क्विनाइन पाजायचे आणि छातीला अळशीचं गरम पोटीस बांधायचे. पोटिसाचा चटका सोसवत नाही, पण सोसावा. त्यानं श्वास मोकळा होतो. डॉक्टर म्हणत, "क्रायसिसची वाट बघायची." क्रायसिस म्हणजे तापाचा कडेलोट. त्या दिवशी एक तर घाम फुटून ताप उतरतो, नाही तर माणूस जातो. माझ्या शेजारच्या खाटेवरची कार्ल्याची बाई त्या दिवशी गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मालक आले आणि दारातच उभे राहिले. कपाळावर टेंगूळ होतं. काय झालं ते त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे म्हशीकडून पान्हा काढण्याइतकंच जिकिरीचं. पण हळूहळू निघालं. ते धारेला बसले, तिनं लाथ घातली. शेजारणीला बसवलं, तिलाही घातली. मग सासूबाई म्हणाल्या, सुनेचं लुगडं नेसून बस, म्हैस वासावर असते. आमच्याकडे घरची बाई माहेरी गेली की असं करतात. यांनी पेटी उघडली आणि माझं सणाचं इरकली लुगडं काढून नेसले. त्याला कापराचा वास. चंद्रीनं त्यांना इरकलीसकट शेणात बसवलं.

सासूबाईंचे हात संधिवातानं वळलेले, नाही तर त्या स्वतःच बसल्या असत्या. त्या म्हणाल्या होत्या, "धुतल्यालं कशाला काडलंस रं? त्याला तिचा वास कुटं हाय?"

मालक खाली बघत मला म्हणाले, "कास पार दगडावानी झालीया. आता सड बी तापल्यात. तुझं अंगावरचं लुगडं दे."

सड म्हणजे आचळं. ते तापले की दुधात गुठळ्या येतात, मग रक्त येतं, आणि जनावर कायमचं भाकड होतं. गावात व्यापारी फिरतच होते. ज्या घरात धार काढणारं माणूस गेलं, तिथली म्हैस आटली की ते कवडीमोलानं घाटाखाली नेत. आमच्या ओळीतल्या दोन दावणी तशा रिकाम्या झाल्या होत्या. त्या घरांनी पुन्हा जनावर बांधलंच नाही. त्यातलं एक कुटुंब नंतर गिरणीत गेलं.

पण मी ज्या लुगड्यात आले ते दवाखान्यानं काढून घेतलं होतं. गाठोडं उकळायच्या ढिगात पडलं होतं. रोग्याचा कपडा उकळल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता, आणि तो योग्यच होता. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. धापा टाकत सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.  मग त्यांनी मालकांना विचारलं, "तुम्हाला हा ताप येऊन गेलाय का?"

"व्हय. हिच्या आदी."

"मग तुम्हाला बहुधा पुन्हा धरणार नाही. लुगडं न्या. पण नेसायचं ते तुम्हीच. आईंना, शेजारणीला, कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

मालकांचा चेहरा पडला. धुतलेलं लुगडं त्यांनी गोठ्याचं दार लावून एकदाच नेसलं होतं. शेजारणीला माझं लुगडं नेसवून बसवू, असा त्यांचा बेत होता. आता मिशीवाल्या गड्याला सकाळ-संध्याकाळ बायकोचं लुगडं नेसून भर गावात बसायचं होतं, कारण दार लावलं की चंद्री बिथरायची. त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि गेले.

त्यानंतर माझा ताप इतका चढला की मला दिवस कळेनासे झाले. क्रायसिस आला, अंथरूण भिजेपर्यंत घाम फुटला, आणि मी डोळे उघडले तेव्हा दारात मालक उभे होते. हातात दुधाची चरवी. त्यांनी ती नुसती वर उचलून दाखवली. मी त्या चरवीकडे बघून जी रडले, तशी मी मरणाच्या भीतीनंही रडले नव्हते.

लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांनी साथीच्या भीतीनं खेड्यातलं दूध बंद केलं होतं. डॉक्टरांनी मात्र आमचं घ्यायला सुरुवात केली. डोळ्यांदेखत उकळून ते खाटाखाटांवर वाटत. मीही तेच प्यायले. आजारातून उठणाऱ्यांना माझं सांगणं आहे, दूध उकळूनच प्या, आणि ताप उतरला म्हणून लगेच घरी पळू नका. डॉक्टरांनी मला दिवाळी होईपर्यंत सोडलं नाही. मी मनात त्यांना पुष्कळ बोल लावले. आज त्यांना हात जोडते.

घरी आले त्या संध्याकाळी आधी गोठ्यात गेले. चंद्रीनं माझा हात हुंगला, फिनाइल आणि कोयनेलच्या वासाचा हात, आणि मान फिरवली. मी खाली बसले तर लाथ उगारली. सवत आली असती तरी मला एवढं लागलं नसतं. जिच्यासाठी मी खाटेवर तळमळले, तिला मी परकी झाले होते.

मालक आत गेले आणि माझं तेच लुगडं नेसून बाहेर आले. उन्हानं विटलेलं, खांद्यावर गाठ मारलेलं. पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी, "आली का वैनी धारंला?" असं म्हणालं. लोक हसले. किती दिवस हे हसणं चाललं होतं, आणि दवाखान्यात येऊन त्यांनी मला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. ते खाली बसले, चंद्रीनं पान्हा सोडला, आणि धारेचा आवाज चरवीत घुमायला लागला.

मी दावं धरून उभी होते. डोळ्यांना धार लागलेली. त्यांनी वळून बघितलं.

"रडतीस कशाला? आटली न्हाई ती."

"तिच्यासाठी नाही रडत," मी म्हणाले.

अर्धी धार झाल्यावर ते उठले. घोंगडीच्या आडोशाला जाऊन लुगडं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. त्याला चंद्रीचा वास होता, शेणाचा होता आणि त्यांच्या घामाचा होता. माझा उरलाच नव्हता. मी ते नेसले आणि बसले. चंद्रीनं वळून हुंगलं, पाय हलवला, मग उभी राहिली. उरलेली धार मी काढली.

त्या लुगड्याला मी पुढे पुष्कळ दिवस पाणी लावलं नाही. तुमच्या घरी जनावर असेल तर त्याला एकाच हाताची सवय लावू नका, एवढं ऐका. आणि तुमच्या घरात असं माणूस असेल, तर आजारी पडायची वाट न बघता, ते आपल्याला किती मोलाचं आहे, हे त्याला सांगून टाका. मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि दूध घेऊन आत गेले.