दोन्ही खांद्यांवरून पदर

डावी छाती काढली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. केमो, रेडिएशन सगळं उरकलं होतं. आता नवी छाती करून घ्यायची की नाही एवढंच उरलं होतं, आणि ते मी ठरवायचं होतं.

पुण्याहून दर गुरुवारी बारामतीला एक प्लॅस्टिक सर्जन येतात. त्यांनी माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने चित्रं काढून समजावलं. सिलिकॉनची पिशवी आत बसवता येते. ऑपरेशन लहान, पण रेडिएशन झालेली कातडी पुढे तिच्याभोवती आवळून कडक होऊ शकते, त्यामुळे मला ती सुचवायला त्यांचं मन होत नव्हतं. नाहीतर पाठीचा स्नायू कातडीसकट काखेखालून पुढे वळवायचा. किंवा पोटाची कातडी आणि चरबी काढून तिच्या रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या. ते सात-आठ तासांचं काम, पुण्यालाच.

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तरी चालतं. घाईही नाही. कसंही केलंत तरी स्पर्श मात्र पहिल्यासारखा कळणार नाही."

हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, ते मला बरं वाटलं.

"काम काय करता?"

"शेळगावला खता-औषधांचं दुकान आहे. मीच बघते."

"पोती उचलता?"

"उचलावी लागतात."

"मग पाठीचा स्नायू राहू दे जागेवर. पोटाचं केलंत तर दीड-दोन महिने पोत्याला हात लावायचा नाही. सिझेरियनचा टाका आडवा आहे, त्याची अडचण नाही."

"तुमच्या घरातली बाई असती तर काय केलं असतंत?"

"तिलाच विचारलं असतं," ते म्हणाले.

घरी विचारायचं म्हणजे नवऱ्याला. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'ती गाठ' म्हणतात, आणि गाठ तर काढली. दोन दिवस संधी बघून मी जेवण वाढताना विषय काढला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुला वाटंल तसं कर," तो म्हणाला. मग भाकरी मोडता मोडता, अगदी मायेने, "पण आता कुणाला दाखवायचंय?"

ऑपरेशननंतर मला नीट झोप लागावी म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. मला झोप नीट लागते आहे हे मी त्याला सांगितलं होतं. त्याची कॉट अजून तिथेच आहे.

इथे पदराचं सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात सुना डोक्यावरून, दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायच्या. मीही घेतला. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा पदर खतात लोळायला लागला. एके दिवशी मी तो डाव्या खांद्याला पिन लावून कमरेला खोचला. माझे सासरे, म्हणजे आबा, आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत बसले. विषय संपला. तेव्हापासून मी दोन हातांनी काम करत होते.

ऑपरेशननंतर ब्लाउजमध्ये कापूस भरून बघितला. पोतं उचललं की तो गळ्याकडे सरकायचा. सिलिकॉनचा तयार कप आणला, तर इंदापूरच्या उन्हाळ्यात त्याखाली घामोळं उठलं. आमची साडी डाव्या बाजूने उघडीच असते. एक गिऱ्हाईक युरियाचं विचारता विचारता तिकडेच बघत राहिलं, तेव्हा मी पिन काढली, पदर डाव्या अंगावर पसरला आणि उजव्याही खांद्यावरून ओढून घेतला. तो तसाच राहिला. खोचता येत नाही, वाकलं की सुटतो, म्हणून एक हात कायम पदराला. आबा एवढंच म्हणाले, "आता कसं शोभतंय." त्यांना खरंच आनंद झाला होता.

नवऱ्याशी बोलणं झालं त्यानंतर आठवड्याभराने नरसिंहपूरला जावळ होतं, चुलत सासूबाईंच्या नातवाचं. बाळाची आई, म्हणजे त्यांची धाकटी सून, इंदापूरला बँकेत आहे. एका खांद्यावर पिन लावून ती वाढत होती. सासूबाईंनी चार बायकांत माझ्याकडे बोट केलं.

"हिच्याकडं बघ जरा. दुकान चालवती, स्कूटर चालवती, पण पदर बघ दोन्ही खांद्यांवर. तुलाच बँकेत पदराचं वझं होतं व्हय गं?"

"आत्या, तितं एसी असतोय. पदर गारठतो," ती म्हणाली. बायका हसल्या.

"एसी हितं न्हाय. हितं घे."

तिने पिन काढली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि रांग मोडून पुढे घुसलेल्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

पंगती उठल्यावर नळावर ती एकटी भांडी विसळत होती. मी हात धुवायला गेले.

"माझं बघून घेऊ नकोस," मी म्हटलं. "मला डावीकडं काही नाही. ते झाकायला घेते मी."

तिने नळ बंद केला. "काढली?"

"वर्ष झालं."

तिने माझ्या पदराकडे बघितलं. "मग तुमाला कारण तरी हाय, ताई," ती म्हणाली. "मला आता उगंच." आणि नळ सोडला.

डॉक्टर सोडून कुणालातरी मी पहिल्यांदा हे सरळ सांगितलं होतं. उत्तर असं येईल असं वाटलं नव्हतं. लागलं. पण तिचं काही चुकलं नव्हतं.

परतताना नवऱ्यामागे मोटारसायकलवर बसले होते. एका हाताने सीट धरलेली, दुसऱ्याने पदर. वाऱ्याने तो सारखा उडत होता. शेळगाव येईपर्यंत माझं ठरलं.

गुरुवारी एसटीने एकटीच बारामतीला गेले. नर्सने विचारलं, सोबत कोण आहे. कुणी नाही म्हटलं.

"पोटाचं करू," मी डॉक्टरांना म्हणाले. "मार्चमध्ये. तेव्हा दुकान मोकळं असतं."

"का ठरवलंत, विचारू का?"

आबांचं शोभणं, बँकेतल्या सुनेची पिन, हे सगळं त्यांना कुठून सांगायचं? "काम करताना अडचण होते," मी म्हटलं.

त्यांनी तेच लिहून घेतलं. खोटं नव्हतं ते.

कागदावर घरच्यांची सही लागत होती. तो मी दुकानात नवऱ्यापुढे ठेवला. माझं पोटाचं ठरलंय, मार्चमध्ये पुण्याला, असं सांगितलं. त्याने पेन घेतलं, कागद वाचला नाही.

"कुठं करू?"

मी बोट ठेवलं. त्याने सही केली.

"दुकान किती दिवस?"

"दोन महिने धरा. तुम्हीच बसायचं."

त्याने एकदा मांडणीकडे, एकदा पोत्यांकडे बघितलं. मग औषधाची एक बाटली उचलून तिच्यावरचं वाचायला लागला. मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.