करवत वाजवणारा म्हातारा

गोळी जिभेवर ठेवली की म्हातारा डोळे फिरवायचा, मान टाकायचा आणि खुर्चीतून अर्धा खाली घसरायचा. पहिल्यांदा मी घाबरून इमर्जन्सीचं बटण दाबलं. दोन नर्स धावत आल्या. तेव्हा याने एक डोळा उघडला आणि विचारलं, "टाळ्या कुठे आहेत?"

टौरंगा या परदेशातल्या बंदराच्या गावी, एका वृद्धाश्रमात मी केअरगिव्हर होते. नाशिकहून शिकायला आले आणि इथलीच झाले. तिथे बटण दाबलं की दर वेळी फॉर्म भरावा लागतो. पहिल्या महिन्यात त्याच्या पायी मी चार फॉर्म भरले. पाचव्या वेळी जागची हललेच नाही, तर म्हणतो कसा, "पोरी, आज प्रेक्षक थंड आहेत."

सरळ उत्तर म्हणून द्यायचंच नाही, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" हा म्हणाला, "फक्त मंगळवारी." डॉक्टर नवीन होते, त्यांनी ते लिहून घेतलं. सकाळी मला आठ जणांच्या आंघोळी उरकायच्या असत आणि हा दोन्ही पाय एकाच बुटात घालून मदतीला हाक मारायचा. सांगा, काय करायचं अशा माणसाचं?

त्याचे आईवडील व्हरायटी शोवाले. एका तिकिटात गाणं, जादू, कसरती, विनोद. आज या गावचा हॉल, उद्या पुढच्या गावचा. नवव्या वर्षी त्यांनी त्याला स्टेजवर उभं केलं. पुढे तो विनोदाबरोबर करवतही वाजवायला लागला. सुताराचीच करवत. गुडघ्यांत धरायची, वाकवायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवायचा. लांब कुठेतरी बाई गुणगुणत असावी तसा आवाज येतो. बायको त्याच कंपनीत गायची. मग घरोघरी टीव्ही आला, हॉल ओस पडले आणि याने टौरंगाच्या बंदरात सव्वीस वर्षं जहाजांवर माल चढवला.

"बंदरातल्या लोकांना माहीत होतं, तुम्ही कोण होतात ते?" मी एकदा विचारलं.

"सांगितलंच नाही. विनोदी माणूस म्हटलं की लोक हाताची घडी घालून उभे राहतात. हसव म्हणतात."

तेवढं एक उत्तर त्याने मला सरळ दिलं.

करवत त्याने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणली होती. दात धारदार, म्हणून मॅनेजर बाईंनी ती ऑफिसच्या कपाटात ठेवली. ती परत मिळावी म्हणून तो रोज माझ्याशी वाद घालायचा, जसं काही कपाट माझंच होतं.

त्याची मुलगी वेलिंग्टनला राहायची. वर्षातून एकदा येई. मी असताना पहिल्यांदा आली तेव्हा त्याने तिच्यासमोरही तोच मरण्याचा खेळ केला. ती हसली नाही. पर्स उचलून बाहेर आली आणि कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, "आईच्या अंत्यविधीलाही हा चर्चच्या पायरीवर मुद्दाम अडखळून पडला. सगळे हसले. मला एकदाच माझा बाप रडलेला पाहायचा होता."

ती गेल्यावर मी तडक त्याच्या खोलीत गेले. "दहा मिनिटं साधं वागता येत नाही का हो तुम्हाला?"

त्याने दोन्ही बूट काढून नीट जोडीने ठेवले. "नाही येत," तो म्हणाला. "पण वाजवता येतं. करवत आणून दे आणि तिला बोलाव."

मॅनेजर बाईंनी माझ्याकडून अजून एक फॉर्म भरून घेतला. मुलगी महिन्याभराने, एका रविवारी आली, तीही मी दोनदा फोन केला म्हणून. त्या दिवशी म्हाताऱ्याने गुळगुळीत दाढी केली होती. एकही विनोद न करता त्याने करवत गुडघ्यांत धरली आणि बायको गायची ते गाणं सुरू केलं. पहिलं कडवं इतकं स्वच्छ वाजलं की मी माझी घाई विसरले. मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्याची बोटं उघडली. गज खाली पडला आणि करवत टणकन सरळ झाली.

मग मुलगी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "डॅड, तुम्ही सुधारणार नाही."

त्या आठवड्यात त्याचा टोस्ट मी कापून देत होते. चमचासुद्धा त्याच्या हातात ठरत नव्हता. मी तिला ते सांगायला उठले, तशी त्याने माझ्याकडे पाहून 'नको' म्हणून किंचित मान हलवली. मग बसल्या बसल्या मुलीला वाकून अभिवादन केलं. तिने त्याचा तोच हात हातात घेतला आणि चहा येईपर्यंत सोडला नाही. त्यानंतर ती दर महिन्याला यायला लागली.

ऑगस्टमध्ये, एका दुपारी झोपेतच तो गेला. मुलगी खोली आवरायला आली. कपडे भरून झाले, तेव्हा माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्या दिवशी गज मुद्दाम पाडला होता ना?"

या माणसाने जिवंतपणी मला छळलं ते छळलंच, आता मेल्यावर खोटंही बोलायला लावत होता.

"हो," मी म्हणाले. "आदल्या दिवशी माझ्यासमोर चार वेळा सराव केला."

"वाटलंच मला. हशाची वेळ त्यांची कधी चुकायची नाही."

करवत काखेत धरून ती गाडीकडे गेली. दोन वाजता त्या खोलीत एक बाई राहायला येणार होत्या. मी खिडकी उघडली आणि गादीवरची चादर काढायला घेतली.