व्याह्यांचा ठेका

माझ्या ताईचं लग्न माझ्या ठेक्यामुळे मोडता मोडता राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दीपनगरच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी स्वतःला संगीतकार समजायचो. जळगावच्या एका डीजेसाठी ठेके बनवायचो. गाण्यात मध्येच गायक थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात ना, तेवढाच दोन सेकंदांचा तुकडा डबल-डेक टेपवर पॉज दाबून-सोडून चाळीस वेळा जोडायचा. मिनिटभराच्या संगीताला अख्खी दुपार जायची. (त्या दुपारी मी अभ्यास करतोय, असा घरात समज होता.)

ताईच्या वरातीसाठी मी खास ठेका करायला घेतला. या वेळी ड्रम उसने नको म्हणून माइक लावून आईचा पिठाचा रिकामा डबा स्वतः बडवला. मागून बारीक घरघर आली होती. मला वाटलं, वायरचा दोष असेल. पण ऐकायला छान वाटली, म्हणून तीही ठेवली. चाळीस वेळा.

लग्नाच्या दिवशी शिंदखेड्याहून वऱ्हाड आलं. दुपारी चारला वरात निघाली. टेम्पोवर माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. मांडवाजवळ टेम्पो थांबला, डीजेने माझी कॅसेट लावली, वऱ्हाडी नाचायला लागले. मुलाचे वडील, आबा, फेटा सांभाळत सगळ्यांत पुढे. मी टेम्पोला टेकून कौतुकाची वाट पाहत उभा होतो.

आणि मोठ्या स्पीकरवर ती घरघर स्वच्छ ऐकू आली.

"याही भलता घोरस. याही भलता घोरस. याही भलता घोरस."

आवाज आमच्या नानांचा, म्हणजे वडिलांचा होता. नाना मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलायचे. साखरपुड्याला आबा आमच्याकडे मुक्कामी होते, त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नव्हती. व्याही फार घोरतो, हे नाना स्वयंपाकघरात आईला सांगत असताना इकडे माझा माइक चालू होता.

वऱ्हाडातल्या पोरांना वाटलं, गाण्याचे बोलच असे आहेत. त्यांनी टाळ्यांवर साथ धरली. अख्खी वरात एका तालात आबांच्या घोरण्यावर नाचत होती. आबाही चार पावलं नाचले, मग एकदम थांबले.

"बंद करा," ते म्हणाले.

डीजेने कॅसेट थांबवली. मांडवाच्या दारात नाना हातात हार घेऊन उभे होते, त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ताई खिडकीतून माझ्याकडे बघत होती. ती नजर मला आजही आठवते.

"कोनं बोलनं हाई?" आबांनी विचारलं.

"चूक माझी आहे आबा," मी पुढे झालो. "मी चुकून..."

"तुना आवाज नही शे हाऊ."

नाना हळूच म्हणाले, "मना शे."

आबा काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, गर्दीतून पुढे आल्या.

"खोटं काय शे त्यामा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तीस वरीस व्हयनात, मी हाईच सांगस. मनं कोन आयकस? आज बठ्ठा गावनी आयकं."

सगळ्या गावाने ऐकलं म्हटल्यावर आधी नवरदेव हसला, मग वऱ्हाड. आबा बराच वेळ फेटा नीट करत राहिले. शेवटी नानांच्या हातातला हार त्यांनी स्वतःच गळ्यात घालून घेतला आणि डीजेला म्हणाले, "लाव रे परत. आते नाचूच दे."

लग्न व्यवस्थित लागलं. आठवड्याने डीजेचा निरोप आला की धुळ्यापर्यंतच्या वरातींत त्या कॅसेटला मागणी आहे. मी हुरळून नव्या ठेक्याची तयारी सांगायला जळगावला गेलो. त्याने माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, पुढच्या वेळी डबा-बिबा राहू दे. नुसते नाना पाठव."