फिशिंग ‘फ’मध्ये

२००८ साली जयवंती देवासच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात कंत्राटावर होती. सायबर सुरक्षेची परीक्षा पास झाली तर नोकरी कायम होणार होती. नाहीतर मार्चनंतर जळगावला, भावाच्या दारात. नवरा, संताजी, जाऊन तिसरं वर्ष चालू होतं.

परीक्षेला पुस्तकं उघडून बसता येत होतं. पण पुस्तकं पाच, इंग्रजी, जाडजूड. शोधाशोधीतच वेळ संपायचा. म्हणून कुठला शब्द कुठल्या पानावर, याची सूची ज्याने त्याने आपली आपण करून न्यायची. जयवंतीने ती देवनागरीत केली, कारण सराव घ्यायला एकच माणूस होता. धारचे सासरे, भैयासाहेब. इंग्रजी त्यांनी कधी जवळ केलं नव्हतं.

रविवारी ती बसने धारला जायची. त्यांचं स्वयंपाकघर आवरायची, औषधं लावून ठेवायची. मग ते पलंगावर मांडी घालून सूचीच्या एका प्रतीतून शब्द पुकारत आणि ती आपल्या प्रतीत शोधून पान सांगायची.

“सूनबाई, फिशिंग!”

“तिसरं पुस्तक, पान शहाण्णव.”

“मासेमारीच ना ही? धरमपुरीच्या घाटावर चालते ती?”

“तीच, मामंजी. फक्त मासा आपण.”

“आणि हे राऊतराव कोण?”

“राउटर हो!”

ते हसताना कवळी सावरायचे. आठवडाभरात कामाशिवाय तिच्याशी कुणी बोलत असेल तर हेच.

दिवाळीत थोरले दीर आले आणि भैयासाहेबांना पुण्याला घेऊन गेले. बरोबरच होतं, म्हातारं माणूस एकटं किती दिवस ठेवणार? जयवंतीही एकटीच होती, पण ती म्हातारी नव्हती. पुढे शब्द तिने स्वतःच पुकारले. स्वतः पुकारलेला शब्द लगेच सापडतो.

जानेवारीत इंदूरच्या केंद्रात पडद्यावर पहिलाच इंग्रजी शब्द ‘पी’ने सुरू होणारा आला. तिने ‘प’ उघडला. नव्हता. पुन्हा पानं उलटली. ही सूची तिने कानाने लावली होती आणि आता ती डोळ्यांनी शोधत होती. ती पुटपुटली, “फिशिंग.” सापडला.

“मैडम, बोलना मना है,” पर्यवेक्षक म्हणाला.

तिने ओठ मिटले. उरलेले शब्द मनातल्या मनात भैयासाहेबांच्या आवाजात पुकारून घेतले, राऊतरावांसकट. शेवटी पडद्यावर पास आलं.

बाहेर येऊन तिने पुण्याला फोन लावला. जाऊबाईंनी उचलला.

“मामंजींना देता का? पास झाले मी.”

“अगंबाई, छान! पण झोपलेत ते. आणि फोनवर ऐकू कुठं येतं त्यांना? सांगते मी.”

“फिशिंग ‘फ’मध्येच सापडलं म्हणावं.”

“काय? कुठं सापडलं?”

“काही नाही. पास झाले एवढंच सांगा.”

देवासच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. नोकरी आता कायम होणार होती, जळगाव टळलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि कुठे जायचं नव्हतं.